थांबवलं की ओरडणारं यंत्र

यंत्र थांबवलं की गप्प बसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पंखा थांबवला की वारा थांबतो, मोटार थांबवली की पाणी थांबतं, आणि इचलकरंजीत माग थांबले की गल्लीतल्या लोकांना एकमेकांची कुजबुजही ऐकू येते. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि स्वतःला बरीच शहाणी समजत होते. म्हणूनच आजोबांच्या माडीवरच्या यंत्राचं लाल बटण दाबून मी ते थांबवलं, आणि थांबायच्या ऐवजी ते भोंग्यासारखं ओरडायला लागलं, तेव्हा माझी बोबडी वळली.

घाईघाईनं हिरवं बटण दाबलं, तर गप्प. मग मध्येच एक भसाडा सूर, पुन्हा शांतता, मग आणखी एक सूर. लाल दाबलं की पुन्हा एकसारखी बोंब. मी चार वेळा करून पाहिलं आणि चारही वेळा तेच झालं. पाचव्यांदा करायची छाती झाली नाही. भिंतीतला प्लग उपटला आणि जिन्याकडे धावले.

जिन्यात आजोबा उभे होते. माझे आजोबा म्हणजे डॉ. प्रमोद खारगे. चंद्रावरच्या वसाहतीतली माणसं जे पोशाख घालतात, त्यांचं धुळीनं न झिजणारं सूत आजोबांच्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं. निवृत्त झाले तरी खिशात विजेचा मीटर असायचाच. मोजल्याशिवाय बोलू नये, हे त्यांचं वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोज वापरलं जायचं. मला वाटलं, आता चांगलीच बोलणी बसणार. पण ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र असा उतरला होता, की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं मला वाटलं.

ते म्हणाले, “बिघडलंय ते, वल्लरी. नऊ वर्षं झाली. आज चार वाजता न्यायला येणार आहेत.”

न्यायला येणार होता पुण्याच्या एका वाद्यसंग्रहालयाचा यंत्रमानव. आजोबांनी ते यंत्र देऊन टाकायचं कबूल केलं होतं. संग्रहालयाची पद्धत अशी, की आणलेल्या वस्तूतला जुना सेल काढायचा, तिची स्मृती कोरी करायची आणि मग ती काचेच्या कपाटात मांडायची. मी सहज विचारलं, की आत्ता त्या स्मृतीत आहे तरी काय.

“तुझ्या आजीची धून,” आजोबा म्हणाले. “एकच राहिलीय. मीही ती कधी ऐकलेली नाही.”

मला हे ऐकून इतका धक्का बसला की मी जिन्याच्या पायरीवरच बसले. उज्ज्वलाआजी मी दोन वर्षांची असताना गेली. तिचा आवाज, तिचं चालणं, काहीच मला आठवत नव्हतं. ती धुना करायची, हे मी ऐकून होते. त्यातली एक शिल्लक आहे आणि ती चार वाजता पुसली जाणार आहे, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा साडेअकरा झाले होते.

मी आजोबांचा हात धरून त्यांना ओढतच माडीवर नेलं आणि म्हटलं, की नेमकं काय बिघडलंय ते मला आधी समजावून सांगा, मगच द्या. समजावून सांगणं हा आजोबांचा एकमेव कमकुवतपणा. ते स्टुलावर बसले.

पहिली गोष्ट म्हणजे मी जे एक यंत्र समजत होते ती दोन यंत्रं होती. खालचं मोठं, लाकडी कडांचं, पियानोसारख्या पट्ट्यांचं, ते सिंथेसायझर (विजेच्या लहरींपासून आवाज घडवणारं वाद्य). ते आजोबांच्याही जन्माच्या आधीचं होतं. आणि वर ठेवलेली, सोळा छोट्या दिव्यांची चपटी पेटी होती सीक्वेन्सर (सुरांचा क्रम लक्षात ठेवून तो एकापाठोपाठ एक आज्ञांच्या रूपात पाठवणारं यंत्र). आजीची धून या चपट्या पेटीत होती. गंमत अशी, की या पेटीला स्वतःचा आवाजच नाही. तिला कितीही कान लावा, ती मुकीच.

माझा यावर विश्वासच बसेना. आमच्या काळात, म्हणजे २०६१ साली, गाणं हवं म्हटलं की हवेतून गाणं यायचं. आवाज नसलेलं गाणं ही काय भानगड, असं मी विचारलं.

आजोबांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे जाड पुठ्ठ्यांची एक माळ टांगलेली होती, प्रत्येक पुठ्ठ्यावर ओळीनं भोकं. आजी तरुणपणी साड्यांच्या किनारीसाठी असे पुठ्ठे पाडायची. माग चालू झाला की पुठ्ठे एकेक करून पुढे सरकायचे. जिथे भोक तिथला धागा वर उचलायचा, जिथे भोक नाही तिथला खाली ठेवायचा, एवढंच ते पुठ्ठे मागाला सांगत. पुठ्ठ्यात धागा नसतो, रंग नसतो, फूलही नसतं. फूल कसं विणायचं, याच्या आज्ञा फक्त असतात.

आजोबा म्हणाले, “ही पेटी म्हणजे विजेचा पुठ्ठा समज. आणि खालचं वाद्य म्हणजे माग.”

मग त्यांनी मला दोन तारा दाखवल्या. पेटी वाद्याला दोनच गोष्टी सांगते. एका तारेतून जातं, कोणता सूर वाजवायचा ते. तिथे व्होल्टेज (विजेचा दाब) बदलतं. दाब एक व्होल्टनं वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर चढतो. सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पायऱ्या, म्हणून एक पायरी चढायला व्होल्टचा बारावा भाग पुरतो. दुसऱ्या तारेतून जातो गेट (सूर केव्हा वाजवायचा आणि केव्हा थांबवायचा याचा इशारा). पाच व्होल्ट आले की वाजव, शून्य झालं की थांब. पेटीत चौसष्ट चौकटी होत्या, म्हणजे सोळा दिव्यांच्या चार फेऱ्या. दिवा एकेका चौकटीवरून पुढे पळायचा आणि प्रत्येक चौकटीचा निरोप या दोन तारांमधून खाली जायचा.

आता बिघाडाची गोष्ट. आजीचं मूळ वाद्य वेगळं होतं. पंचगंगेच्या पुरात ते खालच्या खोलीत बुडालं आणि गेलं. ही पेटी वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. पुढच्याच वर्षी आजी गेली. मग आजोबांनी कुठून कुठून शोधून हे दुसरं जुनं वाद्य आणलं, दोन तारा जोडल्या आणि हिरवं बटण दाबलं. आली ती ही भसाडी ओरड. पहिलं वर्षभर ते रोज संध्याकाळी लावून ऐकायचे, की आज तरी धून निघेल. पुढे फक्त तिच्या वाढदिवसाला. पुराच्या ओलीनं पेटीची स्मृती नासली, असं शेवटी त्यांनी ठरवलं.

मी विचारलं, तुम्ही मोजलं नाही का?

“मोजलं की. सुरांची तार मोजली. दाब अगदी बरोबर येतोय, केसाचाही फरक नाही. सूर बरोबर आणि धून चुकीची, म्हणजे क्रमच नासलाय. दुसरं काय असणार?”

ते पेटीच्या झाकणाच्या आतला कागद काढून बघत बसले. त्यावर आजीच्या हातच्या चौसष्ट चौकटी होत्या, काही शाईनं भरलेल्या, काही मोकळ्या. प्रत्येक मोकळ्या चौकटीवर लाल पेन्सिलीची खूण होती. आजोबांच्या मते तो किनारीचा आराखडा होता, कारण विणकामाच्या कागदावर लाल खुणेचा अर्थ ठरलेला असतो: इथे दुसरा धोटा घालायचा. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागातून इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. एका धोट्याचा धागा एका रंगाचा, दुसऱ्याचा वेगळ्या रंगाचा. कोणत्या साडीचा आराखडा, ते मात्र आजोबांना कधी सापडलं नव्हतं.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. वरणभात समोर गार झाला. एवढे मोठे शास्त्रज्ञ म्हणतात नासलंय, तर मी कोण बोलणारी? पण मला आजीची धून ऐकायची होती. जी ऐकलीच नाही ती पुसली जाणार, याचा मला इतका राग येत होता, की तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं.

अडीच वाजता आजोबांनी यंत्र झाकायला सांगितलं. झाकण म्हणून आजीचीच एक जुनी साडी होती, हिरवी, लाल फुलांच्या किनारीची. किनार तिनंच पाडलेल्या पुठ्ठ्यांची. मी रागारागानं साडी फेकली आणि ती उलटी पडली. मी सरळ करायला गेले आणि हात तसाच राहिला.

उलट्या बाजूला फूल होतं, पण हिरवं. भोवतीची जमीन लाल. सरळ बाजूनं पाहिलं की हिरव्यावर लाल फूल, उलट बाजूनं लालवर हिरवं. कुठेही एक धागा चुकलेला नव्हता. जिथे लाल वर होता तिथे मागून तो खाली होता, एवढंच. पुठ्ठे तेच, माग तोच, फूलही तेच. आपण उभे होतो चुकीच्या बाजूला.

चालू केलं की गप्प आणि थांबवलं की ओरड. मी साडीची उलटी बाजू आजोबांसमोर धरली.

मी आजोबांना म्हटलं, धून नासलेली नाही. आपण तिची उलटी बाजू ऐकतोय. वाजवायच्या जागी वाद्य गप्प बसतंय आणि थांबायच्या जागी वाजतंय.

आजोबा आधी हसले. प्लग तर नीट बसलाय, म्हणाले. मग हसता हसता थांबले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी म्हटलं, सुरांची तार तुम्ही मोजली, पण इशाऱ्याच्या तारेचं काय? ती त्यांनी मोजलीच नव्हती. पेटीचा प्लग वाद्याच्या भोकात बसला, म्हणजे दोघांची भाषा जुळली, असं त्यांनी धरून चाललं होतं.

मी इशाऱ्याची तार पेटीच्या बाजूनं काढली. तिचं एक टोक वाद्यात आणि दुसरं माझ्या हातात मोकळं. वीज दिली. वाद्य गप्प. मग मी केसांतली पिन काढली आणि प्लगचं टोक आणि त्याचा दांडा या दोन्हींना ती एकदम टेकवली, म्हणजे इशाऱ्याचा दाब थेट शून्यावर आला. वाद्य ओरडलं. पिन उचलली, गप्प. टेकवली, ओरडलं. (इथला दाब खेळण्यातल्या सेलाएवढा असतो, म्हणून चाललं. भिंतीतल्या विजेशी असला खेळ चुकूनही करायचा नाही. आजोबांनीही मला हे दोनदा बजावलं.)

आजोबा स्टुलावरून उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

“शून्याला हे वाजव समजतंय,” ते हळूच म्हणाले. “जुन्या काळी कारखान्या-कारखान्याची रीत वेगळी होती. कुणी दाब आला की वाजवायचं, कुणी दाब गेला की. वाचलं होतं मी हे, वल्लरी. वाचलं होतं, आणि मोजलं नाही.”

पेटी थांबली की तिच्या इशाऱ्याच्या तारेत शून्य राहतं, म्हणून लाल बटण दाबलं की अखंड बोंब. सकाळचं कोडं सुटलं. पण तीन वाजले होते आणि धून अजून उलटीच होती.

उपाय आजोबांच्या खणात निघाला. मसुराच्या डाळीएवढा काळा ठिपका आणि त्याला तीन पाय, हा ट्रान्झिस्टर (विजेनं उघडझाप होणारी इवलीशी खिट्टी). त्याच्या एका पायाला दाब दिला की उरलेल्या दोन पायांमधली वाट उघडते, दाब काढला की मिटते. आता पेटीचा इशारा पहिल्या पायाला द्यायचा आणि वाद्याची तार उरलेल्या दोन पायांना. पेटीतून पाच व्होल्ट आले की खिट्टी उघडणार आणि वाद्याचा दाब शून्यावर येणार, म्हणजे माझ्या पिनेचं काम हा ठिपका करणार. पेटीतून शून्य आलं की वाट बंद, वाद्य गप्प. दुभाष्या दोन माणसांच्या मध्ये बसतो तसा हा दोन यंत्रांच्या मध्ये बसणार होता. मध्ये एक रेझिस्टर (विजेला जरा अडवून धरणारा तुकडा) घातला, ठिपका जळू नये म्हणून.

तारा जोडायला वितळलेल्या कथिलाचा डाग मी दिला. पहिला नीट बसला नाही. दुसऱ्याच्या वेळी दार वाजलं.

साडेतीनलाच यंत्रमानव येऊन उभा होता, पितळी रंगाचा, हातात पातळ फळी घेऊन. आपलं नाव नोंदक, असं त्यानं सांगितलं आणि लगेच पहिला प्रश्न विचारला, की वस्तू वापरात आहे का. वापरात असलेली वस्तू संग्रहालय स्वीकारत नाही, असा नियम. आजोबांनी त्याला बसायला सांगितलं. मी घाईघाईत त्याला सांगितलं, की आत माझ्या आजीची धून आहे आणि आम्हाला थोडा वेळ हवाय.

“चिंता नसावी,” नोंदक अदबीनं म्हणाला. “आजींच्या पिढीच्या आवडीनुसार मी तीन सेकंदांत चाळीस धुना तयार करून देऊ शकतो. त्या अधिक सुबक असतील.”

मी आ वासून त्याच्याकडे पाहतच राहिले.

“आम्हाला चाळीस नकोत,” आजोबा म्हणाले. “तिची एक पाहिजे. बस तू गप.”

नोंदक बसला. मी तारा जोडल्या आणि वीज दिली. माडीवर शांतता होती. लाल बटणावरही शांतता, नऊ वर्षांत पहिल्यांदाच. मी हिरवं बटण आजोबांना दाबायला सांगितलं.

आजीची धून सुरू झाली.

ती फार मोठी नव्हती. चार सूर चढायचे, एक जरा लांबायचा, मग थांबायची. पुन्हा तीन सूर, पुन्हा थांबायची. चाल मागाच्या ठेक्याची, खटक-खटक अशी, पण तिच्यावरून सूर असे घसरत जायचे की मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. जिला मी कधी ओळखलंच नाही ती बाई खोलीत येऊन बसल्यासारखी वाटली. आजी खोडकर होती, हे मला कोणी सांगायची आता गरज नव्हती.

पण धून मध्ये मध्ये फारच थांबत होती. काही थांबे इतके मोठे होते, की बिघडली की काय असं वाटावं. मी आजोबांना विचारायला वळले आणि पाहतच राहिले.

आजोबा डोळे मिटून उभे होते आणि पुठ्ठे पाडायच्या लोखंडी ठोकणीनं टेबलावर ठोके देत होते. धून थांबली की त्यांचा ठोका. एक. मग दोन. मग सलग तीन. एकही चुकत नव्हता. आजोबांना गाण्यातलं ओ का ठो कळत नसे, वाढदिवसाच्या टाळ्याही ते चुकीच्या जागी वाजवत. आणि इथे त्यांचे ठोके आधीच ठाऊक असल्यासारखे बरोबर जागी पडत होते.

ठाऊक होतंच त्यांना. नऊ वर्षं त्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. धून त्यांनी एकदाही ऐकली नव्हती, तिच्या मधल्या रिकाम्या जागा मात्र त्यांना तोंडपाठ होत्या.

मी झाकणातला कागद उचलला आणि दिव्याबरोबर बोट फिरवू लागले. शाईनं भरलेल्या चौकटीवर सूर. मोकळ्या चौकटीवर शांतता. आणि तिथल्या प्रत्येक लाल खुणेवर आजोबांचा ठोका. तो कोणत्याच साडीचा आराखडा नव्हता. मी आजोबांचा हात धरून कागदावर ठेवला. त्यांनी दोन ओळी पाहिल्या आणि ठोकणी खाली ठेवली.

“दुसरा धोटा,” ते म्हणाले. “मला म्हणायची, तुम्ही वाजवा की माझ्याबरोबर. मी म्हणायचो, मला काय जमतंय. माझी जागा ठेवून गेली होती ती.”

आणि माझे आजोबा, मोजल्याशिवाय न बोलणारे डॉ. खारगे, माझ्यासमोर आणि नोंदकासमोर ढसाढसा रडले. मी त्यांना रडू दिलं. धून फिरून पहिल्या चौकटीवर आली होती. थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं, ठोकणी उचलली आणि पुढच्या थांब्याला बरोबर ठोका दिला.

बरोबर चार वाजता नोंदक उठला. नियमाप्रमाणे त्यानं प्रश्न पुन्हा विचारला, की वस्तू वापरात आहे का. आजोबांचे हात गुंतलेले होते, म्हणून मीच हो म्हटलं. त्यानं फळीवर तशी नोंद केली. जाताना जिन्यात तो थांबला आणि धुनेची फेरी पुरी होईपर्यंत तिथेच उभा राहिला. ते कोणत्या नियमात बसतं, ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटीचा सेल बदलला. नवा सेल आधी जुन्याच्या शेजारी जोडायचा आणि मगच जुना काढायचा, म्हणजे स्मृतीला मध्ये उपास पडत नाही. मग चौसष्टही चौकटींचा दाब मी मीटरनं मोजला, दोन्ही तारांचा, आणि कोऱ्या पुठ्ठ्यांवर त्याची भोकं पाडली. पुठ्ठ्याला सेल लागत नाही. धून म्हणजे आवाज नव्हे, आज्ञांचा क्रम, हे एकदा समजलं की ती विजेत ठेवा, पुठ्ठ्यात ठेवा, नाहीतर चंद्रावर पाठवा. फक्त ऐकणारा कोणत्या बाजूला उभा आहे, ते आधी तपासायचं.

सुट्टी संपायच्या आत मी माझी पहिली धून लिहिली. ती काही खास नाही, आजोबांच्या मते तर तिच्यात मांजर अडकलंय. पण तिच्यातल्या पाच चौकटी मी मुद्दाम मोकळ्या सोडल्यात आणि त्यांवर लाल खूण केलीय. त्या कोणासाठी, ते अजून मला माहीत नाही.